कोकणातला जमिनीचा दावा कुठे अडतो

तालुक्याच्या न्यायालयांत खटले तुंबल्याची चर्चा निघाली की दोन कारणं हमखास ऐकू येतात. न्यायाधीश कमी आहेत आणि वकील तारखा मागतात. दोन्ही खरी आहेत. पण रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या जुन्या जमिनीच्या दाव्याचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, पहिल्या पानापासून वाचला तर वेगळी गोष्ट समोर येते. त्या दाव्याचं बरंचसं आयुष्य न्यायालयाबाहेरच गेलेलं असतं. काही वर्षं तहसीलदारांकडे, काही मोजणीच्या प्रतीक्षेत, काही लालबाग-परळच्या चाळीतल्या वारसांचा पत्ता शोधण्यात, तर काही वरच्या कोर्टात. तारखा पडत राहतात त्या या वाट पाहण्याच्या. विलंब कमी करण्याचे आजवरचे बहुतेक उपाय मात्र न्यायालयाच्या चार भिंतींच्या आतले आहेत.

याची मुळं खोतीत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा त्यात आजचा सिंधुदुर्गही होता, सावंतवाडी संस्थान वगळून) सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत उभा होता. एका गावाची खोती एकाच माणसाची असेल असंही नव्हतं. घराण्याच्या तक्षिमा (वाटण्या) पडलेल्या, आणि गावाचा कारभार भागीदारांनी पाळीपाळीने पाहायचा. कुळांतही फक्त सरकारी सारा भरणारे धारेकरी वेगळे, साधी कुळं वेगळी. इंग्रजांनी १८८० च्या खोती कायद्याने हे सगळं कागदावर आणायचा प्रयत्न केला. खोताचे आणि कुळांचे हक्क, देणी यांची नोंद झाली, आणि ‘बोटखत’ नावाचा तो कागद पुढे कित्येक दाव्यांत पुरावा म्हणून दाखल होत राहिला. भाताची खाचरं कोणाची हे निदान कसणाऱ्यावरून कळायचं. वर डोंगरावरची वरकस जमीन, जिथून राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडायची, ती कोणाच्या वहिवाटीची यावर भांडण अटळ होतं. त्यात जमीन एकाची आणि तिच्यावरची झाडं दुसऱ्याची हा कोकणी प्रकार.

खोतीविरुद्धचा लढा न्यायालयापेक्षा बाहेर जास्त गाजला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि काही वर्षं चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

डॉ. आंबेडकरांचंच नाव असलेला एक कोकणातला दावा इथे पाहण्यासारखा आहे. चवदार तळं ही खाजगी मालमत्ता आहे, असं म्हणत महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तात्पुरता मनाई हुकूम १४ डिसेंबरला निघाला. २५ तारखेला व्हायचा सत्याग्रह त्यामुळे तहकूब करावा लागला. तो हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण मूळ दाव्याचा निकाल महाडला लागायला ८ जून १९३१ उजाडला. मग ठाण्याला अपील, आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. मनाई दोन दिवसांत, न्याय नऊ वर्षांनी. ज्यांना फक्त सत्याग्रह थांबवायचा होता, त्यांचं काम पहिल्या आठवड्यातच झालं होतं.

आजही तालुक्याच्या कोर्टात ‘निशाणी पाच’ म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. निशाणी पाच म्हणजे दाव्याबरोबर येणारा मनाईचा अर्ज. तो ज्याच्या बाजूने सुटला त्याला पुढे घाई नसते, आणि ज्याच्या विरुद्ध गेला तो अपिलात जातो. अख्खा दावा या एका अर्जावर तोलला जाण्याची सवय महाराष्ट्रात कायद्यानेच घट्ट केली. दिवाणी प्रक्रिया संहितेत राज्याने १९७७ मध्ये कलम ९-अ घातलं. मनाईच्या अर्जाच्या सुनावणीत कोणी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावर आक्षेप घेतला, तर तो मुद्दा आधी निकालात काढायचा आणि मगच पुढे जायचं. त्यासाठी प्रसंगी साक्षीपुरावेही व्हायचे, त्या निर्णयावर वर दाद मागितली जायची, आणि मूळ दावा जागच्या जागी. हे कलम रद्द व्हायला २०१८ साल लागलं. चाळीस वर्षं एखादा तांत्रिक आक्षेप पहिल्या नंबरावर बसवून ठेवणारं कलम चालू ठेवायचं आणि दुसरीकडे विलंबावर समित्या नेमायच्या, हे आपल्याला जमलं.

कोकणात तर असा आक्षेप शोधायलाही लागत नाही. ‘मी कूळ आहे’ एवढं प्रतिवादीने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं की पुरे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकीचा रस्ता उघडून दिला. ती फार मोठी गोष्ट होती, तिच्याबद्दल वाद नाही. पण कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ८५ ने दिवाणी न्यायालयाकडून काढून घेतला. दाव्यात तो मुद्दा निघाला की कलम ८५-अ प्रमाणे न्यायालयाने मुद्दा काढायचा, तहसीलदारांकडे पाठवायचा आणि दावा थांबवून उत्तराची वाट पाहायची. तहसीलदारांच्या निर्णयावर प्रांताकडे अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी, त्यावर उच्च न्यायालयात रिट. तहसीलदारांकडे तर निवडणूक, आपत्ती, दाखले, रेशन सगळंच असतं. पावसात दरड कोसळली की कुळाची सुनावणी पुढे जाणारच. हा जिना चढून कागद खाली येईपर्यंत मूळ वादी हयात असतोच असं नाही.

वादी गेला, की वारस लावायचे. कायद्याने मुदत ९० दिवसांची. ती चुकली तर दावा त्या पक्षकारापुरता रद्द होतो, मग तो पुन्हा जिवंत करण्यासाठी वेगळा अर्ज, विलंब माफीचा आणखी एक. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असलेल्या गावात दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी जातंच. त्यातले निम्मे चाकरमानी. मुंबई शहरातल्या प्रतिवादीवर बाहेरगावच्या न्यायालयाचं समन्स बजावायचं तर संहितेप्रमाणे ते मुंबईच्या लघुवाद न्यायालयामार्फत जातं. गिरण्या चालू होत्या तोवर माणूस निदान चाळीच्या पत्त्यावर सापडायचा. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव पांगलं, चाळी पाडल्या, लोक डोंबिवली-विरार-नालासोपाऱ्याला गेले, आणि बेलिफाचा शेरा ‘पत्त्यावर राहत नाही’ असा येऊ लागला. गणपतीत घरी आलेला असताना त्याला गाठावं तर तेव्हा समन्स हातात नसतं.

हिस्सेदारही वाढले, आणि ते योग्यच झालं. मुलींना जन्माने हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतकी वर्षं ज्यांना वगळून वाटप मागितलं जात होतं त्या बहिणी, आत्या, भाच्या आता पक्षकार झाल्या. न्याय वाढला की दाव्याचं शीर्षकही दोन पानं वाढतं.

देशपातळीवरचा इतिहास यापुढे फार लांबवण्यासारखा नाही. दिवाणी विलंबावर रँकिन समिती १९२४ मध्ये बसली. १९५८ मध्ये सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने चौदावा अहवाल दिला. १९८७ च्या १२० व्या अहवालाने दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश असल्याचं सांगून ५० चं लक्ष्य ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते पाच वर्षांत गाठायला सांगितलं. मंजूर पदांचं प्रमाण अजून २१ च्या आसपास आहे. १ जुलै २००२ पासून कैफियतीला ३० दिवस, फार तर ९०, आणि सुनावणीत तीनच तहकुबी असे नियम आले. २००५ मध्ये ते सक्तीचे नाहीत असा अर्थ लागला. कोकणातल्या छोट्या तालुक्यात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही एकच व्यक्ती असते. समोर कोठडीतला आरोपी उभा असेल तर वाटपाचा दावा बाजूला पडणं स्वाभाविक आहे. त्यावर तीन तहकुबींच्या नियमाचा काही उपयोग नव्हता.

लोकअदालतीचं मात्र वेगळं. १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं (न्यायालयाच्या निकालाचं) बळ, आणि अपील नाही. धनादेशाचे खटले, अपघात भरपाई यांत ती खरोखर कामाला येते. पण राष्ट्रीय लोकअदालतीनंतर जे मोठे आकडे छापून येतात त्यांत बँकेची, विजेची, घरपट्टीची दाखलपूर्व प्रकरणं बरीच असतात. ती कोर्टात आलेलीच नसतात, त्यामुळे जुनी थकबाकी तेवढ्याने हलत नाही. चाळीस सह्या लागणारं भाऊबंदकीचं वाटप तिथे क्वचितच मिटतं.

२०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिडवर कोणीही आपल्या तालुक्याचे प्रलंबित खटले पाहू शकतो. देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक, त्यात महाराष्ट्रात ५० लाखांहून अधिक. आकड्यांपेक्षा तिथला विलंबाच्या कारणांचा तक्ता मला मोलाचा वाटतो. ‘वारस अभिलेखावर नाहीत’, ‘कागदपत्रांची प्रतीक्षा’, ‘वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती’ अशी कारणं त्यात सरळ लिहिलेली असतात. गावच्या वकिलाला हे आधीपासून ठाऊक होतं.

न्यायालयं जवळ आणण्याची अलीकडची पावलं दिसतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत गेले. सावंतवाडी-कुडाळच्या माणसाची मुंबईची खेप वाचली. चिपळूण-खेडच्या माणसाला रेल्वेने मुंबई गाठणं सोपं की घाट चढून कोल्हापूर, हा प्रश्नच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाची इमारत झाली. रायगडचे लोक अजून मुंबईलाच जातात.

एवढं करून वाटपाचा निकाल लागला तरी हातात पडतो तो प्राथमिक हुकूमनामा. कोणाचा हिस्सा किती, एवढंच त्यात असतं. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर न्यायालयाने वेगळ्या अर्जाची वाट न पाहता पुढचं काम चालू ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. घराला, परड्याला ते लागू पडेल. शेतसारा लागणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी करायचं. तिथून कागद तहसीलदारांकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. डोंगरउतारावरच्या सर्व्हे नंबरात पोटहिस्से, हद्दीचे दगड गेलेले, पावसाळ्यात मोजणी नाही, आणि मोजून चार-पाच गुंठ्यांचे तुकडे पडणार असतील तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा. एखादा हिस्सेदार मोजणीला हरकत घेतो आणि पथक परत जातं. या काळात न्यायालयाच्या नोंदवहीत दावा निकाली निघालेला असतो. ग्रिडच्या थकबाकीत तो मोजला जात नाही.