मांजराची फाइल आणि डेटा कायदा : एक खुलासा

ब्रिटनमधल्या प्राणीपालकांमध्ये एक समज पक्का बसलाय: 'डेटा संरक्षण कायद्याचं नाव घ्या, व्हेटला (पशुवैद्याला) महिन्याभरात प्राण्याची अख्खी फाइल फुकट द्यावीच लागते.' हे अर्धवट आहे.

तिथला २०१८चा डेटा संरक्षण कायदा आणि यूके जीडीपीआर (वैयक्तिक माहिती जपण्याचे ब्रिटनचे नियम) जिवंत माणसांच्या माहितीपुरते आहेत. त्यामुळे तुमचं नाव, पत्ता, फोन, बिलं, तुमच्याविषयी लिहिलेले शेरे हे सगळं एरवी महिन्याभरात, विनाशुल्क मागता येतं. मांजराच्या किडनीचा रिपोर्ट मात्र निव्वळ मांजराची माहिती. तिच्यावर या कायद्याने हक्क सांगता येत नाही.

पण म्हणून हात हलवत परत येऊ नका! पशुवैद्यकांची नियामक संस्था, रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स, हिची आचारसंहिता इथे खरी कामाची. मूळ नोंदी दवाखान्याच्या मालकीच्या. तरी पालकाने मागितल्यास संबंधित नोंदींची प्रत द्यावीच लागते, आधीच्या दवाखान्यातून आलेल्या नोंदींसकट. एक्स-रेच्या प्रतीही मागा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेताना या सगळ्या प्रती हाताशी हव्यातच, नाहीतर तपासण्यांसाठी बिचाऱ्या जनावराला पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागू शकतात.

अर्जात दोन्ही मागण्या वेगळ्या लिहा: माझी वैयक्तिक माहिती, आणि माझ्या प्राण्याच्या उपचारांच्या नोंदी.