हेज संहिता

अमेरिकी चित्रपटसृष्टीने १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९६८ मध्ये रद्द केलेली नैतिक नियमावली. सेन्सॉर म्हटले की आपल्याकडे सरकारी मंडळ आठवते. ही संहिता मात्र स्टुडिओंच्याच संघटनेची होती, आणि तिच्यामागे नीतीच्या चाडीपेक्षा धंद्याची धास्ती अधिक होती. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय ठरवून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. राज्याराज्यांतली मंडळे कात्री चालवायला मोकळी झाली. त्यातच हॉलिवूडमधली काही प्रकरणे वृत्तपत्रांनी गाजवली. सरकारी बडगा टाळण्यासाठी १९२२ मध्ये संघटना उभी राहिली आणि माजी पोस्टमास्टर जनरल विल हेज तिचे अध्यक्ष झाले.

मसुदा कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली आणि जेझुइट पाद्री डॅनियल लॉर्ड यांचा. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटू नये, व्यभिचार मोहक दिसू नये, धर्मोपदेशकाची टिंगल होऊ नये, अशी कलमे त्यात होती. गोऱ्या-काळ्यांमधील लैंगिक संबंध दाखवण्यावरही बंदी होती. म्हणजे नीतीच्या नावाखाली वर्णद्वेषही खपून गेला.

पहिली चार वर्षे नियम कागदावरच राहिले. तरी ‘बेबी फेस’ला (१९३३) राज्यांच्या मंडळांपुढे नमावे लागले. त्यात जर्मन तत्त्वज्ञ नित्शे वाचणारा वृद्ध मोची नायिकेला पुरुषांचा वापर करून वर चढायला सांगतो. न्यूयॉर्कच्या मंडळाने आक्षेप घेताच त्याच्या तोंडी सदाचाराचा उपदेश घालण्यात आला. मूळ प्रत २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली, म्हणून आज दोन्ही ताडून पाहता येतात.

१९३४ मध्ये कॅथलिकांच्या ‘लीजन ऑफ डीसन्सी’ने बहिष्काराचे हत्यार उपसले आणि स्टुडिओ वठणीवर आले. संघटनेच्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. नियम मोडणाऱ्या सदस्याला २५,००० डॉलर दंड. बडी चित्रपटगृहे स्टुडिओंच्याच मालकीची असल्याने प्रमाणपत्राविना चित्रपट लावायचा कुठे, हा खरा पेच होता. दिग्दर्शक पळवाटा काढत. ‘नोटोरियस’मध्ये (१९४६) हिचकॉकने नियमात न बसणाऱ्या दीर्घ चुंबनाचे तुकडे केले: मध्येच बोलणे, मध्येच टेलिफोन, आणि प्रसंग चालला सुमारे अडीच मिनिटे. सलग चुंबनापेक्षा तो अधिक शृंगारिक वाटतो, हे ब्रीन यांच्या कारकुनीचे अपयशच म्हणायचे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने स्टुडिओंना चित्रपटगृहांची मालकी सोडावी लागली आणि संहितेचा कणा मोडला. १९५२ मध्ये इटालियन दिग्दर्शक रोसेलिनींच्या ‘द मिरॅकल’ प्रकरणात न्यायालयाने १९१५ चे मत फिरवले. पुढच्याच वर्षी ‘द मून इज ब्लू’ प्रमाणपत्राविना झळकला आणि चाललाही. १९५६ मध्ये वर्णसंबंधांवरील बंदी उठली. अखेर संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांच्या कारकिर्दीत १ नोव्हेंबर १९६८ पासून संहितेची जागा वयोगटानुसार वर्गीकरणाने घेतली.