डावा पाय थांबला की भाला सुटतो

2021 च्या ऑगस्टनंतर आमच्या मैदानावर एक नवीनच प्रकार सुरू झाला. भाला हातातून सुटला रे सुटला, की पोरं दोन्ही हात टेकून जमिनीवर आडवी व्हायला लागली. नीरज चोप्राने टोकियोत 87.58 मीटरची फेक केली आणि तो तसा पडतो, हे सगळ्यांनी मोबाइलवर शंभर वेळा पाहिलेलं. त्यामुळे आमच्या बेळगावकडे येळ्ळूरपासून खानापूरपर्यंत कुठल्याही शाळेच्या मैदानावर जा, भाला पंचवीस मीटरवर आणि पोरगं तांबड्या मातीत उताणं किंवा पालथं. गणवेश धुणाऱ्या आयांनी नीरजला काय काय म्हटलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी मैदानावर असतो. या पडण्याची मला गंमत वाटते, कारण पोरांनी नेमका शेवट उचलला आणि त्याच्या आधीचा दहावा हिस्सा सेकंद सोडून दिला. नीरज पडतो, कारण त्याआधी त्याचा डावा पाय जमिनीत खांबासारखा रोवलेला असतो. पळत आलेलं शरीर त्या पायावरून पुढं कोलमडतं. आमची पोरं पाय न रोवताच पडतात.

मागच्या सुगीतली गोष्ट. भात कापून झालेलं, मसूर पेरायला अजून चार दिवस होते, म्हणून एका पालकांनी आपलं रान वापरायला दिलं. नववीतलं एक उंच, हाडकुळं पोरगं मेसाच्या, म्हणजे बारीक भरीव बांबूच्या, काठीला पुढं लोखंडी टोक बसवलेला भाला घेऊन आलं. तीन-चार फेकी झाल्यावर म्हणालं, ‘‘सर, हात दुखूलाय, खरं भाला लांब जाईना.’’

मी भाला बघितलाच नाही. त्याला घेऊन फेकरेषेपाशी गेलो आणि डाव्या पायाची खूण दाखवली. मातीत वीतभर लांब घसरल्यासारखा चर होता. टाच टेकली, गुडघा वाकला, पाय पुढं सरकला. म्हणजे इतकं पळून कमावलेला वेग गुडघ्यात जिरला. मोटारसायकलचे शॉकअॅब्सॉर्बर खड्डा गिळतात, तसा त्या गुडघ्याने त्याचा वेग गिळला. मग भाल्याला वेग द्यायला उरलं कोण? एकटा हात. तो दुखणार नाही तर काय.

चालत्या एसटीत उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, की पाय जागेवर राहतात आणि डोकं पुढं जातं. भालाफेकीत हाच धक्का मुद्दाम घडवून आणायचा असतो. उजव्या हाताचा फेकीपटू पळत येतो, शेवटची काही पावलं आडवी, एकावर एक टाकत घेतो, भाला मागं ठेवतो. मग डावा पाय पुढं सरळ टाकला, की खालचं शरीर थांबतं आणि वरचं त्या पायाभोवती पुढं झेपावतं. त्यातही सगळं एकदम नाही. आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. आधीचा भाग मंदावतो तेव्हा त्याचा वेग पुढच्या, हलक्या भागाकडे जातो. ओला टॉवेल झटकला की शेवटच्या टोकाला ‘फट्’ असा आवाज होतो ना, तसंच. मूठ जितक्या वेगाने फिरते त्याच्या कितीतरी पट वेगाने टॉवेलचं टोक जातं. पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंत हे सगळं साधारण एक दशांश सेकंदात उरकतं. त्यामुळे फेकताना यातला एकही टप्पा आठवायला वेळ नसतो. सवय हवी.

क्रिकेट खेळणाऱ्यांना हे समजवायला सोपं जातं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पायही असाच ताठ लागतो. पण क्रिकेटचा एक तोटाही आहे. सीमारेषेवरून चेंडू फेकताना हात बाजूने फिरवायची सवय लागलेली असते. भाल्यात कोपर खांद्याच्या वर आणि डोक्याजवळून यायला हवं. बाजूने आलं, की भाला फिरतो, शेपूट हलते आणि कोपरावर वाईट ताण येतो. त्याबद्दल पुढं सांगतो.

आता कोनाकडे. दहावीतला हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो, ‘‘सर, 45 अंशात फेकलं की सगळ्यात लांब.’’ पुस्तकात तसंच असतं, आणि जमिनीवरून सुटलेल्या, हवा न लागणाऱ्या वस्तूसाठी ते बरोबरही आहे. चांगले फेकीपटू मात्र भाला 32 ते 36 अंशांच्या आसपास सोडतात. थोडा हिशेब करू. हवा बाजूला ठेवा. भाला खांद्याच्या वरून, जमिनीपासून 1.7 मीटरवरून, सेकंदाला 20 मीटर वेगाने 35 अंशात सुटला, तर साधारण 40 मीटरवर पडेल. तोच 45 अंशात सोडला तर 42 मीटरच्या थोडा पुढं. फायदा जेमतेम दोन मीटर. पण कोन 35 अंशच ठेवून वेग 20 वरून 22 केला, तर भाला 48 मीटरच्या पुढं जातो! वेग दहा टक्के वाढला आणि अंतर वीस टक्के, कारण अंतर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं.

मग दोन्ही का घेऊ नयेत, वेगही आणि 45 अंशही? शरीर तसं करू देत नाही. भाताचं पोतं ट्रॉलीच्या फळीवर आडवं सरकवणं आणि तेच पोतं उचलून वरच्या थरावर टाकणं यातला फरक ज्याने सुगीत एक दिवस काढलाय त्याला सांगावा लागत नाही. जितकं उभं फेकाल तितका सुटण्याचा वेग कमी होतो. कोनाचे मिळवलेले दोन मीटर वेगात गमावलेल्या मीटरांपुढं टिकत नाहीत.

आणि हवा तर आहेच. लहानपणी खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरच्या शिव्या सगळ्यांनीच खाल्ल्या असतील. तळहात वाऱ्याला जरा तिरका धरला की हात वर उचलला जातो. जास्त तिरका केला की नुसता मागं ढकलला जातो. भाल्याचंही तेच. भाला ज्या दिशेने निघाला आहे त्याच दिशेला त्याचं टोक असलं, तर हवा त्याला थोडं तोलून धरते. टोक आकाशाकडे आणि फेक पुढं, असं झालं की हवेचा विरोध वाढतो आणि भाला पोटावर आपटतो. टोक आधी टेकलं नाही, तर फेक मोजलीच जात नाही. नवशिक्यांच्या किती तरी फेकी इथंच बाद होतात. समोरून वारा असेल तर टोक आणखी खाली ठेवावं. पश्चिमेचा वारा संध्याकाळी सुटला, की आमच्याकडे हा धडा फुकट मिळतो.

भाला फार चांगला तरंगला तर काय होतं, हेही एकदा जगाने पाहिलं आहे. 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने 104.80 मीटर फेक केली. मैदान संपायची वेळ आली. शिवाय भाले इतके सपाट उतरायचे, की टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे भाला जिथं तोलला जातो ती जागा, 4 सेंटिमीटर पुढं सरकवला. तेवढ्याने भाला लवकर नाक खुपसायला लागला आणि विक्रम नव्याने मोजायला सुरुवात झाली. आजचा विश्वविक्रम चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नीचा, 98.48 मीटर, 1996 चा. नव्या पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

पकडीबद्दल फार बोलत नाही. भाल्याला पकडीसाठी गुंडाळलेल्या दोरीच्या मागच्या कडेला तर्जनी आणि अंगठा, किंवा मधलं बोट आणि अंगठा, किंवा दोन बोटांच्या मध्ये भाला, तिन्ही चालतात. घट्ट मुठीत आवळू नका, एवढंच.

कोपराबद्दल मात्र बोलायला हवं, कारण माझंच कोपर डिसेंबरच्या थंडीत अजून ठणकतं. कॉलेजात असताना आम्हाला एकच सूचना असायची: जोरात. दिवसाला साठ-सत्तर फेकी, तेही मोठ्यांच्या 800 ग्रॅमच्या भाल्याने. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापाशी हाडाऐवजी कूर्चेचा थर असतो. तिथूनच हाड वाढतं. मनगट वळवणारे स्नायू आणि कोपर धरून ठेवणारा बंध तिथंच जोडलेले असतात. हात बाजूने फिरला, की कोपराची आतली बाजू उघडायला बघते आणि सगळा ताण या कूर्चेवर येतो. साधारण 14 ते 17 वर्षांच्या दरम्यान ती हाडात मिसळून जाते. तोवर ती साखळीतली सगळ्यात कच्ची कडी. पूर्ण वाढलेल्या खेळाडूंनाही कोपर सोडत नाही. 2019 मध्ये नीरजच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती.

म्हणून वजनाचे नियम उगाच नाहीत. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 700 ग्रॅम, मुलींसाठी 500. त्याहून लहानांना हलका भाला, चेंडू किंवा मेसाची काठी पुरे. शाळेत एकच भाला असतो आणि तो मोठ्यांचा असतो, ही अडचण मला माहीत आहे; म्हणूनच काठी. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं, तर बाम चोळून फेकत राहू नये. फेक थांबवून हाडाच्या डॉक्टरांना दाखवावं.

त्या पोराला मी पंधरा दिवस पळूच दिलं नाही. आधी जागेवर उभं राहून फेक, मग तीन पावलांची. तोवर रानात मसूर पडली होती, म्हणून शाळेच्या मागच्या पट्टीत. फेकरेषेपाशी फक्कीने एक चौकोन आखला आणि डावी टाच त्यात रुतली पाहिजे, एवढीच अट ठेवली. पहिले तीन दिवस त्याची फेक आणखी कमी झाली आणि त्याने तोंड पाडलं. मीही मनातून थोडा घाबरलो होतो.

चौथ्या आठवड्यात पाच पावलांवर आलो. भाला सुटला तेव्हा पोरगं पडलं नाही, डाव्या पायावर क्षणभर उंच झालं आणि दोन पावलं लंगडत फेकरेषेच्या अलीकडेच थांबलं. मित्र टेप घेऊन भाल्याकडे पळाले. हा मात्र मागं वळला, वाकला, आणि चौकोनात टाचेने पाडलेल्या खड्ड्यात बोट घालून म्हणाला, ‘‘सर, खोल हाय की!’’