राइडला पोहोचण्याचे मार्ग : सगळा खेळ ओहोटीचा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथहून सोलेंटची सामुद्रधुनी ओलांडली की आइल ऑफ वाइट बेटावरचं राइड हे गाव येतं. तिथे जायला आज कॅटामरान (जुळ्या सांगाड्यांची प्रवासी बोट), हॉवरक्राफ्ट आणि मोटारींची फेरी, म्हणजे मोटारी वाहून नेणारी बोट, असे तीन पर्याय आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे : राइडचा किनारा कमालीचा उथळ. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की बोट काठाला लागूच शकत नाही. पूर्वी उतारूंना वाळू-चिखलातून घोडागाडीने किंवा हमालाच्या पाठीवर बसून गावात यावं लागे.

१८१४ मध्ये लाकडी धक्का झाला. खोल पाणी गाठण्यासाठी तो टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. आज तो सुमारे ६८० मीटर आहे. पण मग एवढं अंतर सामान घेऊन चालायचं कोणी? म्हणून १८६४ मध्ये शेजारीच दुसरा धक्का बांधून त्यावर घोड्यांची ट्राम आली.

तरी वाटेत तुटकपणा राहिलाच. पोर्ट्समथला रेल्वे १८४७ पासून होती, पण स्थानक गावात आणि बोटी बंदरावर. १८७६ मध्ये रूळ थेट बंदरापर्यंत गेले. १८८० मध्ये राइडलाही तिसरा, रेल्वेचा धक्का उभा राहिला आणि आगगाडी बोटीच्या तोंडाशी येऊन थांबू लागली. गंमत म्हणजे तो बांधला मुख्य भूमीवरच्या दोन कंपन्यांनी, गाड्या मात्र बेटावरच्या कंपन्यांच्या.

बेटावरच्या या रेल्वेमार्गावरचा राइडमधला बोगदा ठेंगणा आणि पाणी तुंबणारा. पाण्यामुळे रूळ उंच केले की डोक्यावरची जागा आणखी घटते. त्यामुळे १९६७ मध्ये वीज आली तेव्हा नेहमीचे डबे बसेनात. लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने, बुटके डबे आणले गेले. २०२१ पासूनच्या गाड्याही लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे नव्याने बांधूनच तयार केलेल्या आहेत.

मोटारींना धक्क्याचा उपयोग नव्हता. त्या तराफ्यांवर चढवून ओढत आणाव्या लागत, तेही भरती पाहून. १९२६ मध्ये राइडच्या पश्चिमेला फिशबर्नला वेगळा तळ झाला. मोटारींची फेरी आजही तिथेच लागते.

हॉवरक्राफ्टने १९६५ पासून उथळपणाची अडचणच निकालात काढली. हवेच्या गादीवर चालत असल्याने ते वाळूवरून थेट काठावर चढतं. पोर्ट्समथच्या साउथसी भागातून दहाएक मिनिटांत. धक्क्याची गरजच नाही, आणि उतरल्यावर राइडचं एस्प्लनेड रेल्वे स्थानक समोरच. मात्र लाटा उंच झाल्या की सगळ्यात आधी फेऱ्या रद्द होतात त्या याच्याच, कारण गादीखालची हवा लाटांच्या खळग्यांतून निसटते. कॅटामरानला थोडा अधिक धीर धरता येतो, पण ती पुन्हा धक्क्याच्या टोकालाच सोडते. मोटारींची जड फेरी सर्वांत स्थिर. पाऊण तास लागतो, आणि गाडी नसेल तर फिशबर्नहून राइडपर्यंतचं अंतर उरतंच.