दारूची केस तपासणारा डॉक्टर स्वतः कुठं जाणार?

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या पट्ट्यात पिऊन सापडलेल्याला पोलीस रात्री-बेरात्री पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणतात. तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, चाल बघायची, रक्त काढायचं, कागद भरायचा, हे काम तिथल्या एमओचं, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याचं. त्याच एमओला बाटली सुटत नसेल तर? मागच्या क्वार्टरमध्ये काय चालतं ते सिस्टर, शिपाई, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सगळ्यांना ठाऊक असतं, पानठेल्यावरही असतं. बोलत कोणी नाही.

हे झाकणं जुनंच. अमेरिकेतले नामांकित सर्जन विल्यम हॉलस्टेड १८८० च्या दशकात कोकेननं भाग बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता त्यात अडकले, पुढं मॉर्फिनवर गेले. जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया विभाग चालवतानाही ते व्यसन सुटलं नाही आणि जवळच्यांनी ते सांभाळून घेतलं. १९३५ मध्ये तिथल्याच अॅक्रन गावी अल्कोहोलिक्स अॅनोनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ हेही सर्जनच. आडनाव विचारायचं नाही, ही तिथली रीत डॉक्टरला मानवली यात नवल नाही.

खरं वळण १९७३ चं. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं अहवालात मांडलं की व्यसनी डॉक्टर आजारी आहे आणि सहकाऱ्यांचं गप्प राहणं त्याला मदत करत नाही. त्यानंतर तिथं राज्याराज्यांत कार्यक्रम उभे राहिले. आपणहून या, उपचार घ्या, काही वर्षं लघवीची तपासणी देत राहा. तोवर परवान्याला सहसा धक्का नाही. धाक आणि आडोसा दोन्ही एकत्र, म्हणून ते चाललं असं मला वाटतं. लंडनमध्ये अशी सेवा २००८ ला आली.

आपल्याकडे पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पण ते सगळ्यांसाठी. डॉक्टरांसाठी वेगळी वाट पडली नाही. हाती आहे तो कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरतो, आणि त्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. अपवाद मोजके: न्यायालयाचा आदेश, कोणाच्या जिवाला धोका, असे. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाबाबत आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देतं; उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. दवाखान्याच्या स्टॉकमधून पेंटाझोसिन या वेदनाशामकाची अँप्यूल उचलली असेल तर ती चोरी वेगळी, तिला हे कलम वाचवत नाही.

२०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीतून फोन लागला, म्हणजे रेंज मिळाली, तर बोलणं होईल. भरती व्हायचं ठरलं की रजा लागते. जिल्हा रुग्णालयात जावं तर तिथले डॉक्टर महिन्याच्या मीटिंगला शेजारी बसणारे. नागपूर गाठावं तरी रजेचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावरूनच जातो, आणि कलम २३ बांधतं ते उपचार करणाऱ्यांना, अर्ज आवक रजिस्टरला चढवणाऱ्या बाबूला नाही.