ल्वार आणि ल्वार: ‘ई’ राहिलेला नाहीये!

फ्रान्समधली ल्वार व्हॅली म्हणजे शाँबोर, शनाँसोसारखे महाल, 2000 पासून युनेस्कोच्या यादीत, हे सगळं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ नाही घालवत. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. कोणी Loir लिहिलेला ट्रिपचा नकाशा टाकला की खाली चारजण हजर, "अहो स्पेलिंग चुकलं, शेवटचा ई राहिला." नाही राहिलेला! Loire आणि Loir, दोन वेगळ्या नद्या आहेत त्या.

ई-वाली ल्वार म्हणजे मोठी, हजार किलोमीटरच्या वर, ब्ल्वा, तूर, नाँत वगैरे तिच्या काठावर. बिनईचा ल्वार साधारण 317 किलोमीटर, तो आधी सार्त नदीला मिळतो, सार्त आणि मायेन या नद्या मिळून मेन नदी होते आणि ती मेन आँजेजवळ मोठ्या ल्वारला मिळते. उच्चार दोघांचा सेम टू सेम. फ्रेंच लोक निदान ‘ला’ आणि ‘ल’ वरून ओळखतात, कारण छोटा ल्वार चक्क पुल्लिंगी आहे, आपल्या देवनागरीत तर तो ई पण दिसत नाही. मग आपण ब्रह्मपुत्रेला नद म्हणतो ना, तसं आमच्या घरी ‘ती ल्वार’ आणि ‘तो ल्वार’, विषय संपला.

पण खरी गोची पुढे आहे. शाँबोर आणि ब्ल्वा ज्या जिल्ह्यात येतात त्याचं नाव ल्वार-ए-शेर, आणि त्यातला ल्वार बिनईचा! म्हणजे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ब्ल्वा ‘ती’च्या काठावर आणि नाव मात्र ‘तो’चं, कारण तो पण त्याच जिल्ह्यातून वाहतो, वर वाँदोम गावाकडून. त्यामुळे पत्त्यात जिल्हा बघून नदी ठरवायची नाही, गाव बघायचं.

आम्ही असेच फसलो. सासू-सासरे, दोन मुलं, ‘ल्वारच्या काठी घर’ वाचून बुकिंग केलं, निघालं वाँदोमजवळ. सासरे महाल बघायला दुर्बीण घेऊन आले होते, समोर बदकं. ब्ल्वा गाडीने अर्धा-पाऊण तास, शाँबोर त्याच्याही पुढे, तो दुहेरी गोल जिना मुलांनी चारदा चढला (दोन वाटा, दोघं एकाच वेळी चढले तरी समोरासमोर येत नाहीत), ते झालंच.

पण खरं सांगू, लहान मुलं असतील तर मला ‘तो’च जास्त आवडतो. वाँदोममध्ये ल्वारचे फाटे गावातूनच फिरतात, होडीत बसता येतं, रांगा नाहीत, आणि पॅरिसहून टीजीव्ही (तिकडची वेगवान ट्रेन) पाऊण तासात वाँदोमच्या स्टेशनला सोडते, ब्ल्वाच्या साध्या ट्रेनला त्याच्या दुप्पट वेळ. पुढे ट्रो नावाचं गाव, डोंगरात कोरलेली घरं आणि एक बोलणारी विहीर, आत ओरडलं की स्वच्छ प्रतिध्वनी येतो. धाकटीने वाकून "आज्जीऽऽ" केलं, विहिरीतून पण "आज्जीऽऽ" आलं, आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "ओ!"