सेंट पॅट्रिक्स डे आणि डब्लिनमधले पब

दरवर्षी १७ मार्चच्या, म्हणजे आयर्लंडचे संरक्षक संत पॅट्रिक यांच्या सणाच्या (सेंट पॅट्रिक्स डे) सुमारास एक मजकूर फिरतो: या दिवशी राजधानी डब्लिनच्या रस्त्यांवर मिरवणूक पाहून पबमध्ये मद्यपान करणे ही आयर्लंडची शतकानुशतकांची परंपरा आहे. शहरातला आजचा जल्लोष पाहिला की हे सहज खरे वाटते.

प्रत्यक्षात हा सण मुळात धार्मिक असून तो ख्रिस्ती उपवासकाळात येतो; सकाळी चर्चमध्ये प्रार्थना आणि घरी कुटुंबासह जेवण, असेच त्याचे स्वरूप दीर्घकाळ होते. १९०३ मध्ये ही सार्वजनिक सुट्टी झाली. पुढे १९२७ च्या मद्यविक्री कायद्याने या दिवशी पब बंद ठेवणे बंधनकारक केले आणि १९६० च्या कायद्याने ती बंदी उठेपर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, हा आयर्लंडमधला ‘ड्राय डे’च होता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिरवणुकीची प्रथा तर स्थलांतरित आयरिश लोकांनी अमेरिकेत रुजवली. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची आहे, तर डब्लिनमधला आजचा महोत्सव १९९६ मध्ये सुरू झाला.

पडताळणीसाठी आयर्लंडच्या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर हे दोन्ही कायदे मूळ शब्दांत वाचता येतात. १९२७ च्या कायद्यात बंदच्या दिवसांमध्ये नाताळ आणि गुड फ्रायडेबरोबर या सणाचाही उल्लेख आढळेल.